रखमाबाईंचा खटला आणि लोकांचे माप

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे संपादक भगिनींनी सांगितले, तेव्हा प्रथम मनात आली ती शिवशाही आणि पेशवाई. पण तो इतिहास आपल्या मुलाबाळांना शाळेत शिकवला जातो; आणि ज्या इतिहासामुळे आपण चारचौघीजणी घराबाहेर पडून मंडळाच्या खोलीत निर्वेधपणे बसू शकतो, तो मात्र क्रमिक पुस्तकाच्या चार ओळींत आटोपतो. म्हणून मुंबईच्या हायकोर्टात १८८४ ते १८८८ ह्या काळात गाजलेला एक खटला येथे सांगण्याचे मी योजले आहे.

ह्या निवडीला आणखीही एक कारण आहे. अमकीने केले ते बरे की वाईट, हा निवाडा आपण सगळ्याजणी रोज करीत असतो. जिन्यात करतो, भाजीच्या गाडीपाशी करतो. हळदीकुंकवाला गेलो तर वाण हाती पडेपर्यंत दोन-तीन निवाडे होऊन जातात. मात्र हा निवाडा कोणत्या मापाने केला असे कोणी विचारले, तर चटकन उत्तर देता येत नाही. ‘असे करू नये, एवढे आम्हांला कळते’ इतकेच आपण म्हणतो. रखमाबाईंच्या खटल्यात एका बाईच्या ‘नाही’ ह्या एका शब्दाला साऱ्या देशाने मोजून पाहिले. न्यायाधीशांनी मोजले, वृत्तपत्रांनी मोजले, विलायतेतील पंडितांनीही मोजले; आणि गंमत अशी की प्रत्येकाच्या हातात माप निराळे होते.

आधी दोन मुलींची ओळख करून देते.

पहिली यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातली, जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी ह्या टपाल खात्यातील गृहस्थांशी झाले. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने तिच्याहून पुष्कळच मोठे होते. हीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, तेव्हा वैद्यक शिकण्याचा ध्यास तिने घेतला, १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन मोकळी झाली. ही कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्यातील कित्येकींनी ती पुस्तकात वाचली असेल, चित्रपटात पाहिली असेल. तिच्यावर अधिक वेळ घालवीत नाही, पण तिला विसरूही नका. ती पुन्हा लागणार आहे.

दुसरी रखमा. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत जन्मली. म्हणजे यमुनेहून चारच महिन्यांनी मोठी. समाज सुतारांचा. वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाली, आणि काही वर्षांनी तिने डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यापूर्वी पहिल्या पतीची जी काही मिळकत होती ती तिने मुलीच्या नावे करून दिली.

येथे थोडे थांबले पाहिजे. १८६९ साली मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला, तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणाऱ्या गृहस्थांवर बहिष्कार पडला. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, पुण्यात शंकराचार्यांच्या पुढ्यात ह्या प्रश्नावर वादसभा भरली आणि दोन्ही पक्षांचे शास्त्री वचनांच्या ढाली-तलवारी घेऊन लढले. आणि साधारण त्याच काळात, त्याच मुंबईत, जयंतीबाईने दुसरे लग्न केले. तिच्या जातीत ती रीत होती. त्यामुळे कोणी वादसभा भरवली नाही की पोथ्या उघडल्या नाहीत. एका आळीत जे महापाप, ते पलीकडच्या आळीत घरगुती कार्य. पापपुण्याची खूणगाठ माणसाच्या काळजातच बांधलेली असते असे आपण मानतो. ह्या दोन लग्नांकडे पाहिले, की ती गाठ निदान थोडीतरी आळीच्या तोंडाशी बांधलेली असावी असे वाटू लागते.

डॉक्टर सखाराम अर्जुन हे मोठे विद्वान होते. वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग होता, आणि १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. असा माणूस घरात असूनही अकराव्या वर्षी रखमाचे लग्न झालेच. मुलगा दादाजी भिकाजी हा डॉक्टरांच्याच नात्यातला, एकोणीस वर्षांचा, गरीब. त्याने डॉक्टरांच्या घरी राहून शिकावे आणि शहाणे व्हावे, असा बेत होता. तो फसला. दादाजीचे मन अभ्यासात रमले नाही. तो आपल्या मामाकडे जाऊन राहिला. इकडे रखमा वयात आली, परंतु वैद्यक जाणणाऱ्या सावत्र वडिलांनी एवढ्या कोवळ्या वयात संसार सुरू होऊ दिला नाही. ती माहेरीच राहिली. शाळा सुटलेली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती वाचीत राहिली, इंग्रजी शिकली, आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. अशी आठ वर्षे गेली. नवरा एका घरी, बायको दुसऱ्या घरी. संसार असा एक दिवसही झाला नाही.

१८८४ मध्ये दादाजीने हायकोर्टात फिर्याद केली : माझी पत्नी मला मिळावी.

रखमाबाईंनी ‘मी जाणार नाही’ असे उत्तर दिले. आज आपल्याला ह्यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी नवऱ्याने टाकलेल्या बायका गावोगाव होत्या, त्यांची कोणी दाद घेत नव्हते. बायकोने नवऱ्याला कोर्टात उभे राहून नाही म्हणणे ही मात्र न ऐकलेली गोष्ट होती. कोर्टात दिलेल्या कैफियतीत कारणे अशी होती की, नवऱ्याला पोसण्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती क्षयी आहे, आणि ज्या मामाच्या आश्रयाने तो राहतो त्या घरातले वळण चांगले नाही. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही होते. डॉक्टर सखाराम मात्र निकाल ऐकायला उरले नाहीत. ते १८८५ मध्येच वारले.

पहिला निकाल २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी दिला. त्यांनी दादाजीची फिर्याद फेटाळून लावली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, असहाय बालपणी जिचे लग्न लावून दिले, त्या आता मोठ्या झालेल्या स्त्रीला मनाविरुद्ध त्या पुरुषाच्या स्वाधीन करणे हे क्रूरपणाचे होईल. शिवाय त्यांनी कायद्याचाही एक बारकावा काढला. नवराबायको एकत्र नांदत होती आणि मग दुरावली, तर पुन्हा नांदवण्याचा हुकूम मागता येईल. येथे नांदणे मुळी सुरूच झाले नव्हते, मग ‘पुन्हा’ कसले? आणि असली फिर्याद हिंदू धर्मशास्त्रात कोठेच नाही. ती इंग्रजी कायद्यातून आलेली आहे, असेही त्यांनी दाखवले.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. नांदायला न जाणाऱ्या बायकोला (किंवा नवऱ्याला) कोर्टाच्या हुकुमाने नांदायला लावायचे, आणि हुकूम मोडल्यास तुरुंगात घालायचे, ही चाल विलायतेतली. खुद्द विलायतेने तुरुंगाची ही शिक्षा १८८४ साली रद्द केली, म्हणजे दादाजीने मुंबईत फिर्याद केली त्याच वर्षी. हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्यात मात्र सहा महिन्यांच्या कैदेचे कलम तसेच राहिले. गोऱ्या मडमेच्या अंगावरून उतरलेला जुना झगा आपल्याकडे पाठवून द्यावा, तशातला प्रकार. आणि पुढे आपल्यातल्या धर्माभिमानी मंडळींनी ह्याच झग्याला आपले सनातन वस्त्र समजून कवटाळले! आमच्या धर्माप्रमाणे ती बायको आहे, म्हणून तिला तुरुंगात घाला, असे म्हणताना तो तुरुंग कोणाच्या धर्माचा, हे फार थोड्यांनी विचारले.

पिन्हेसाहेबांच्या निकालावर गहजब झाला. अपील झाले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली ह्यांनी निकाल फिरवला. हिंदूंच्या दृष्टीने लग्न हे विधी होताच पूर्ण होते. मुलगी सज्ञान होती की नव्हती, तिची संमती होती की नव्हती, ह्याने काही बिघडत नाही. तेव्हा अशी फिर्याद चालू शकते, असे त्यांनी ठरवले आणि प्रकरण पुन्हा खाली पाठवले. मग ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे. न गेल्यास सहा महिन्यांची कैद.

रखमाबाईंनी सांगितले, मी कैद भोगीन.

आता त्या पहिल्या मुलीची आठवण करा. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस अमेरिकेहून परत आल्या त्या क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. फॅरनसाहेबांचा निकाल लागला ४ मार्चला. मध्ये अवघे सहा दिवस. ज्या आठवड्यात लोक एका बाईसाठी हळहळत होते, त्याच आठवड्यात दुसरीच्या नावाने बोटे मोडायला सुरुवात झाली. आनंदीबाई परदेशी निघाल्या तेव्हा त्यांनाही लोकांनी कमी छळले नव्हते, पण त्या गेल्या तेव्हा पुण्यातील जुन्या वळणाच्या माणसांनीसुद्धा त्यांचा गौरव केला. आजारपणात टिळकांनी त्यांना मदतीचे पैसे पाठवले होते. आणि त्याच टिळकांचा व त्यांच्या ‘मराठा’ पत्राचा रखमाबाईंच्या वर्तनाला कडवा विरोध होता.

दोघी एका वयाच्या. दोघींची लग्ने अजाण वयात लावलेली. दोघी इंग्रजी शिकलेल्या, दोघींना वैद्यक शिकण्याची हौस. मग एकीचे कौतुक आणि दुसरीची निंदा, हे कसे?

सर्वसाधारण समज असा आहे की, त्या काळच्या लोकांना बायकांचे शिक्षण नको होते. ह्या दोघींना शेजारी शेजारी उभे केले, की तो समज पुरा पडत नाही असे दिसते. समुद्र ओलांडणे, परक्या देशात राहणे, प्रेताची चिरफाड करणे, एवढी सगळी धर्माच्या दृष्टीने भयंकर कृत्ये आनंदीबाईंना अखेरीस माफ झाली. कारण ती त्यांनी नवऱ्याच्या इच्छेने, किंबहुना नवऱ्याच्या हट्टाने केली. अभ्यासात हयगय झाली म्हणून गोपाळरावांनी लहानपणी आपल्याला मारल्याचे आनंदीबाईंच्या स्वतःच्याच पत्रात आहे. त्या माराला कोणी अधर्म म्हटले नाही. उलट रखमाबाईंनी ना समुद्र ओलांडला होता, ना काही अभक्ष्य भक्षण केले होते. त्या आईच्या घरी पुस्तक वाचीत बसल्या होत्या. पण त्यांनी विचारले नव्हते. माझ्या मते त्या काळच्या लोकांचे खरे माप हे होते : बाई काय करते ह्याला फारशी किंमत नाही, ती कोणाच्या परवानगीने करते हे पाहावयाचे. परवानगी असेल तर सातासमुद्रापलीकडचे पाप धुऊन निघते. नसेल तर माहेरच्या ओटीवर बसणेदेखील पाप.

टिळकपक्षावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. आज पिन्हेसाहेब दयेपोटी आमचा कायदा बाजूला सारतील, उद्या दुसरा कोणी दुष्टपणाने सारील. तेव्हा सुधारणा व्हायची ती आमच्यातून, आमच्या हाताने. ही भीती पोकळ होती असे कोणी म्हणू नये. १८९० मध्ये टिळकांनीच असे सुचवले होते की, सुधारकांनी आपापल्या घरी मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत आणि मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, आणि तसे लिहून द्यावे. हे सरकारच्या कायद्यापेक्षा कितीतरी पुढचे होते; १८९१ चा संमतिवयाचा कायदा दहावरून जेमतेम बारापर्यंतच गेला. मग चुकले कोठे? माझ्या अल्पमतीप्रमाणे, ‘आमचे घर’ असे म्हणताना त्या घरात कोंडलेल्या बाईला ते ‘आमचे’ वाटते की नाही, हे विचारायचे राहून गेले. राष्ट्राचे माप लावले, ते खोटे नव्हते. पण त्या मापात एक बाई मावत नव्हती.

बरे, रखमाबाईंचे कैवारी तरी निर्मळ मापाने मोजीत होते काय? मुंबईत बेहरामजी मलबारी ह्यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला. १८८४ मध्येच त्यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य ह्यांवर टिपणे काढून देशभर फिरवली होती. विलायतेत माक्स म्यूलर ह्यांच्यासारख्या पंडिताने ‘टाइम्स’ला पत्रे लिहिली. बचावासाठी कमिटी स्थापन झाली. ह्या सर्वांचे उपकार मोठेच. परंतु त्यांचे लेख आणि भाषणे पाहिली, तर एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. दादाजी गरीब आहे, अडाणी आहे, रोगी आहे, हमालासारखा दिसतो, आणि त्याच्या गळ्यात अशी सुसंस्कृत तरुणी बांधायची, हा काय न्याय, असा त्यांचा सूर. समजा, दादाजी धट्टाकट्टा बॅरिस्टर असता, त्याचा मलबार हिलवर बंगला असता, तर? तर अकराव्या वर्षी न विचारता लावलेले लग्न चालले असते? गरिबी हा गुन्हा असेल तर ह्या देशातल्या किती नवऱ्यांना बायका सोडून जाव्या लागतील! दादाजीनेही १८८७ मध्ये आपली बाजू पुस्तिका छापून मांडली. त्याचे म्हणणे असे की, ह्या सगळ्याच्या मुळाशी मिळकत आहे, आणि माहेरच्यांनी तिला अडवून धरले आहे. तो खरा होता असे मला वाटत नाही. पण एकोणिसाव्या वर्षी त्याचेही आयुष्य वडीलधाऱ्यांनी ठरवूनच टाकले होते, एवढे त्याच्या पदरात घालायला हरकत नाही.

आणि आपले मोठे मोठे सुधारक? न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. लोकांना वाटले, हे आता विधवेशी विवाह करतील. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांची मान लवली आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आली. तीच पुढे सेवासदनच्या रमाबाई रानडे. तेव्हा आपण त्या लग्नाबद्दल तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? रखमाबाईंची वकिली केलेल्या तेलंगांनीही १८९३ मध्ये आपल्या मुलीचे लग्न लहान वयातच लावून दिले. लोकांनी त्यांना दोष दिला. रानड्यांनी मात्र त्यांची अडचण समजून घेतली. समजून घेणारच, कारण त्या वाटेवरचा खळगा त्यांच्या ओळखीचा होता. ह्या माणसांना मी ढोंगी म्हणणार नाही. सभेतले माप एक असते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आईबापांचे दुसरे असते. आणि बहुतेक वेळा घरात दुसरेच चालते. आपल्यापैकी ज्यांनी घरात मुलीचे लग्न ठरताना पाहिले आहे, त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

ह्या सगळ्या गलबल्यात रखमाबाई स्वतः काय म्हणत होत्या, हे ऐकण्यासारखे आहे. १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये दोन लांब पत्रे प्रसिद्ध झाली; एक बालविवाहावर, दुसरे विधवांच्या हालांवर. खाली नाव नव्हते. ‘एक हिंदू बाई’ एवढीच सही. ती बाई रखमाबाई, हे पुढे उघड झाले. पत्रांत रडगाणे नाही. लग्नामुळे मुलगा शाळा सोडीत नाही, मुलगी मात्र सोडते. आपल्याला सर्वांत प्रिय असलेली जी विद्या, तिच्या आणि आपल्या मध्ये हे लग्न आडवे आले, असे त्यांचे दुःख आहे. पुढे तुरुंगाची वेळ आली, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा रोख आणखी स्पष्ट झाला. नवरा गरीब आहे, रोगी आहे, ही कैफियतीतली कारणे मागे पडली आणि एकच राहिले : ज्या वयात मला काही कळत नव्हते त्या वयात, माझ्या संमतीवाचून जे बांधले, ते मला बंधनकारक नाही. कर्तव्य हे ज्याने पत्करले त्याच्यावर असते. वचन दुसऱ्याने द्यावे आणि पाळावे आपण, हा कोठला न्याय?

हे माप नवीन होते. धर्मशास्त्रात नव्हते, जातीच्या रिवाजात नव्हते, सार्जंटसाहेबांच्या कायद्यात तर नव्हतेच. पण ते लावताना त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. कोर्टाचा हुकूम मी मानीत नाही, पण त्याची शिक्षा मानते, असे त्या म्हणाल्या. लपून बसल्या नाहीत, पळून गेल्या नाहीत. एखादा माणूस आपल्या मताची किंमत मोजायला तयार असला म्हणजे त्याचे मत खरे ठरते असे नव्हे. हट्टी माणसेही किंमत मोजतात. तरीपण बाकीच्या सगळ्या मापकऱ्यांत स्वतःच्या पदरचे काही घालणारी तेवढी एकटीच होती, हे नजरेआड करून चालणार नाही.

बायकांपैकी ज्यांनी उघड लिहिले त्यांत पंडिता रमाबाई पहिल्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या मुद्दाम अमेरिकेला गेल्या होत्या. तेथेच १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक निघाले, आणि त्यात त्यांनी ह्या खटल्यावर लिहिले. इंग्रज सरकार हिंदुस्थानातील पुरुषांशी सख्य राखण्यासाठी बायकांचा बळी देत आहे, असा त्यांचा आरोप. परकीय सरकारने दखल घेऊ नये असे टिळक म्हणत होते. परकीय सरकारने दखल घेतली आहेच, पण ती पुरुषांच्या बाजूने, असे रमाबाई म्हणत होत्या. त्या झग्याची गोष्ट आठवली म्हणजे रमाबाईंचा नेम किती अचूक बसला होता ते कळते.

तुरुंगाची पाळी आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने २००० रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा हक्क सोडला. त्याने पुढे दुसरे लग्न केले. पुरुषाला एक बायको असताना दुसरी करण्यास तेव्हाच्या कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंना मात्र ती मुभा नव्हती. पैसे देऊन त्या नवऱ्याच्या हुकुमातून सुटल्या, लग्नातून सुटल्या नाहीत. कायद्याच्या वहीत त्या दादाजीच्या पत्नीच राहिल्या.

१८८९ मध्ये त्या वैद्यक शिकायला लंडनला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर ईडिथ पीची ह्यांनी त्यांना ह्या कामी मोठे पाठबळ दिले. ह्या पीचीबाईंनी स्वतः एडिंबरोच्या विद्यापीठाशी झगडून वैद्यक शिकण्याचा प्रयत्न केला होता. १८९४ मध्ये परीक्षा पुऱ्या करून रखमाबाई परत आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. सुरत, आणि मग राजकोट, असे त्यांचे सगळे आयुष्य गुजरातेतील बाळंतिणींच्या खाटांपाशी गेले. निवृत्त झाल्यावरही १९२९ मध्ये त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याच साली शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले.

१८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा अमलात आला. घटस्फोटाची तरतूद असलेला हा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशातील हिंदूंना लागू झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाई वारल्या. १९७६ मध्ये त्या कायद्यात आणखी एक कलम घातले गेले : जिचे लग्न पंधरा वर्षांच्या आत लावले, तिने पंधरा पूर्ण झाल्यावर आणि अठराच्या आत ते लग्न नाकारले, तर तेवढ्यावर तिला घटस्फोट मागता येतो, संसार झालेला असो वा नसो. रखमाबाई १८८७ मध्ये जे म्हणत होत्या, तेच सरकारी भाषेत. (नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची फिर्याद मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. तो झगा अजून ट्रंकेत आहे.)

एक गोष्ट सांगायची राहिली. १९०४ मध्ये दादाजी वारला. रखमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. नावाजलेल्या डॉक्टर होत्या, स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. ज्याच्या घराची पायरी चढायची नाही म्हणून तुरुंग पत्करला, त्या माणसाच्या मृत्यूनंतर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. सुधारकांच्या मापाने पाहिले तर हे मागे जाणे. सनातन्यांच्या मापाने पाहिले तर उशिरा आलेली उपरती. मला दोन्ही पटत नाहीत. ते लुगडे नेसायला त्यांना कोणत्याही कोर्टाने सांगितलेले नव्हते.